खरेदीखतातल्या एका वाक्याबद्दल महसूलमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

प्रत: मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, पुणे.

विषय: जुनी सदनिका विकताना तिच्या प्रत्यक्ष स्थितीचा तपासणी अहवाल दस्ताला जोडणे बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

“लिहून घेणार यांनी सदर मिळकत समक्ष पाहून तिच्या स्थितीबाबत पूर्ण खात्री करून घेतली आहे.” अशा अर्थाचं एक वाक्य जुन्या फ्लॅटच्या खरेदीखतात हमखास असतं. वकिलाच्या कॉम्प्युटरवर ते आधीच टाइप झालेलं असतं, प्रत्येक दस्तात फक्त नावं बदलतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी त्या वाक्याखाली सही केली, अंगठा दिला, कॅमेऱ्याकडे बघून फोटोही काढून दिला. खात्री मात्र कसलीच केली नव्हती.

घर बिबवेवाडीत. चौथा मजला, वर थेट गच्ची, इमारत तीस वर्षांपुढची. एजंटाबरोबर दोनदा गेलो, दोन्ही वेळा रविवारी दुपारी, दोन्ही वेळा पंचवीस-तीस मिनिटं. नवा कोरा रंग, हॉलला फॉल्स सीलिंग, त्यात पिवळे दिवे. बायकोने स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या ओढून पाहिल्या. मी नळ सोडून पाहिले आणि खाली जाऊन पार्किंग पाहिलं. भिंती पाहिल्या म्हणजे त्यांचा रंग पाहिला.

कागद मात्र डोळ्यांत तेल घालून तपासले. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला. सूची क्रमांक दोन, भोगवटा पत्र, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा ना हरकत दाखला, मालमत्ता कराची पावती, सगळं एका फाइलमध्ये क्रमाने लावलं. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला. त्याने टेप लावली, दारावरच्या नंबरचा फोटो घेतला, वीस मिनिटांत खाली उतरला. कर्ज मंजूर झालं तेव्हा मी घरच्यांना म्हणालो, “बँकेने पाहिलंय म्हणजे काळजी नाही.” बँकेने काय पाहिलं होतं? कर्ज बुडालं तर हे घर विकून पैसे निघतील का, एवढंच. माझ्या डोक्यावर स्लॅब राहील का, हा तिचा प्रश्नच नव्हता. ही गल्लत माझी एकट्याची नाही. ज्याला ज्याला विचारलं, त्याने “बँकेचा माणूस येतोच की बघायला” हेच उत्तर दिलं.

सत्तर लाखांच्या व्यवहारावर सात टक्के मुद्रांक शुल्क, मेट्रोचा एक टक्का त्यातच. झाले ४ लाख ९० हजार. नोंदणी फी ३० हजार. विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस मी कापून भरला. शासनाच्या हाती पै न् पै वेळेवर पोचली, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

पुण्यात पाऊस जूनमध्ये सुरू होतो, पण गच्चीचा कोबा भिजून पाणी खाली उतरायला वेळ लागतो. आमच्याकडे ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उतरलं. आधी एका दिव्याभोवती चहाच्या डागासारखं वर्तुळ दिसलं. चार दिवसांनी पहाटे हॉलमध्ये काहीतरी धप्पकन पडलं. फॉल्स सीलिंगचा एक तुकडा आणि त्याच्याबरोबर मुठीएवढं काँक्रीट.

मग एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्याने शिडी मागवली, सीलिंगचे आणखी दोन भाग उतरवले आणि बॅटरीचा झोत वर मारला. स्लॅबच्या पोटाला सळ्यांच्या रेषेत तपकिरी भेगा होत्या, एका ठिकाणी सळई उघडी पडून पापुद्रे सुटलेले. खिशातून लहान हातोडी काढून तो ठोकत निघाला. चांगल्या जागी टण् असा आवाज, फुगलेल्या जागी भद. आई कुंभारवाड्यात माठ घ्यायची तेव्हा टिचकी मारून, कानाशी नेऊन ऐकायची, तीन माठ बाजूला ठेवून चौथा घ्यायची. त्या माठाला तेव्हा जेमतेम वीस रुपये पडत असतील.

नंतर त्याने ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर एक द्रव फवारला. फिनॉल्फ्थॅलीन, शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी पाहिलेलं. काँक्रीट निरोगी असेल तर ते गडद गुलाबी होतं, कारण त्यात अल्कधर्मीपणा (आम्लाच्या उलट गुण) टिकून असतो आणि तोच सळईला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत गेला की हा अल्कधर्मीपणा संपतो, रंग येत नाही. मग ओल पोचली की सळई गंजते, गंज फुगतो, आणि फुगलेला गंज वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. आमच्या स्लॅबवर गुलाबी रंग आला तो सळईच्या बराच वर, आत खोलवर. सळईभोवती राखाडीच राहिलं.

त्याने बायकोला विचारलं, “हे सीलिंग तुम्ही केलंत?”

“नाही हो, आधीच्यांनी. आम्ही घेतलं तेव्हा दोनच महिन्यांपूर्वीचं होतं.”

तो काही बोलला नाही. वहीत लिहून घेतलं.

सगळा प्रकार तीन तास चालला. फी बारा हजार. गच्चीवर गेलो तर कोब्यावर कोबा, असे तीन थर. दर वेळी गळती झाली की जुना थर न काढता वर नवा ओतलेला. गळती तेवढ्यापुरती थांबते आणि स्लॅबवरचं ओझं कायमचं वाढतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायला सांगितलं आहे. आमच्या सोसायटीच्या कपाटात अशा ऑडिटचा एकही कागद नाही. घर घेताना मी तो मागितलाही नव्हता. सोसायटीची थकबाकी किती, हे मात्र तीनदा विचारलं होतं. दुरुस्तीचं कोटेशन साडेसहा लाखांचं आलंय. गच्ची सोसायटीची, सीलिंग माझं आणि मधला स्लॅब कोणाचा, यावर दोन सर्वसाधारण सभा झाल्या आहेत.

आता कायद्याचं बोलतो. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५५. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा मिळकतीतला मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे इंग्रजांच्या काळापासून ही जबाबदारी आहे. पण त्याच कलमात पळवाटही आहे: उलट करार नसेल तर. वर दिलेलं ते टाइप केलेलं वाक्य नेमकं तिथे कामी येतं. मी खात्री करून घेतली असं मीच लिहून दिलंय. आता कोर्टात उभं राहून काय सांगू, की मी खोटं लिहिलं होतं?

नव्या घराला निदान रेरा, म्हणजे बिल्डरांवर बंधनं घालणारा कायदा, आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. सहाव्या वर्षापासून घराला वाली नाही. आणि पुण्याच्या मध्यवस्तीत, सहकारनगर, कोथरूड, बिबवेवाडी पट्ट्यात, माझ्यासारख्या नोकरदाराला परवडतं ते बहुतेक जुनंच घर.

महोदय, हे पत्र गृहनिर्माण खात्याला न लिहिता आपल्याला लिहायचं कारण आहे. वडिलांनी पुरंदर तालुक्यात दीड एकर घेतलं, तेव्हा आधी मोजणीचा अर्ज केला. भूमी अभिलेखचा माणूस आला, शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या, हद्दीच्या खुणा झाल्या, ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली. मगच इसार. बांध चार हात इकडे की तिकडे, एवढ्यासाठी शासनाने माणूस, यंत्र, नकाशा आणि ठरलेली फी अशी सगळी व्यवस्था उभी केली आहे. ती आपल्याच खात्याची. दस्त नोंदणीही आपल्याच खात्याची. मग सत्तर लाखांच्या घराची एवढीशी सोय का नसावी? गंमत म्हणजे मूल्यांकन करताना शासन इमारतीचं वय विचारतंच, त्याप्रमाणे घसाराही धरतं. कागदावर घर म्हातारं झालेलं आपल्याला कळतं, फक्त त्याचे गुडघे तपासायचे नसतात.

माझी भाची इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. तिने जुनं घर घेतलं तेव्हा बँकेचं मूल्यांकन वेगळं आणि तिने स्वतः नेमलेल्या सर्व्हेअरची पाहणी वेगळी होती. तिथे तशी सक्ती नाही, पण रीत आहे. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून सक्तीच आहे: घर विक्रीला काढतानाच मालकाने सर्व्हेअरचा अहवाल तयार ठेवायचा. छप्पर, भिंती, ओल, गटारं, प्रत्येकाला एक, दोन, तीन असा आकडा. तीन म्हणजे ताबडतोब दुरुस्ती. तीन आकडा आला म्हणून विक्री अडत नाही. घेणारा डोळे उघडे ठेवून भाव करतो, इतकंच. मलाही हे घर घ्यायचं नव्हतं असं नाही. साडेसहा लाख कमी करून घ्यायचं होतं.

तेव्हा मागणी अशी, की वीस वर्षांपुढच्या इमारतीतल्या सदनिकेच्या दस्ताला, पॅन आणि आधार जोडतो तसा, एक तपासणी अहवाल जोडावा. त्यात स्लॅब, तुळया, खांब, ओल, गच्ची आणि सोसायटीचं शेवटचं ऑडिट कधी झालं, हे असावं. मंजूर नकाशाप्रमाणे घर आहे की बाल्कनी आत घेतलीय, भिंत पाडलीय, वरच्यांनी संडास आपल्या स्वयंपाकघरावर आणलाय, हेही. आणि आणखी एक ओळ: घर पूररेषेच्या आत आहे का, निळ्या की लाल. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभरातून एकदा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं, सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने एका रात्रीत काय केलं ते पुण्याने पाहिलं. पूररेषेचे नकाशे शासनाकडेच आहेत, पण घर घेणारा ते बघायला जातो कधी? शेवटी विकणाऱ्याचं एक सहीचं निवेदन: मला माहीत असलेले दोष हे हे आहेत. हे लिहून द्यायला लावलं की कलम ५५ ची पळवाट आपोआप अरुंद होईल.

दुय्यम निबंधकाने भिंती ठोकत फिरावं असं मी म्हणत नाही. त्यांचं काम दस्त कोणी केला ते पाहणं, तेवढंच राहू दे. अहवाल जोडलाय की नाही, एवढं त्यांनी बघावं.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पीयूसी कशी मिळते ते आपण सगळेच जाणतो. गाडी उभी न करता, नळी न लावता, खिडकीतून कागद हातात. या अहवालाचं तसं झालं तर बारा हजारांचा आणखी एक कागद फाइलला लागेल आणि स्लॅब तसाच पडेल. म्हणून इंजिनिअर घेणाऱ्याने नेमावा, विकणाऱ्याने किंवा एजंटाने नाही. इथे स्कॉटलंडची नक्कल नको. फी मोजणीसारखी शासनाने ठरवावी, लहान घराला लहान. अहवालात तारीख-वेळ असलेले फोटो हवेत आणि फॉल्स सीलिंग असेल तर ते एका ठिकाणी तरी उघडून पाहिल्याचा फोटो सक्तीचा. खोटं लिहिलं तर सही करणाऱ्याचा परवाना जावा. एजंट म्हणतील, व्यवहार लांबतील. आठवडाभर लांबतील. बँकेच्या फाइलला महिना लागतो तेव्हा कोणी ओरडत नाही.

आमच्या मजल्यावरचा समोरचा फ्लॅट आता विक्रीला निघालाय. गच्ची तीच, स्लॅब तोच, रंगही नुकताच दिलाय. गेल्या रविवारी एक तरुण जोडपं बघायला आलं होतं. एजंट फोनवर होता तेव्हा त्या मुलीने मला विचारलं, “काका, पाणी किती वेळ येतं?” मी वेळ सांगितली. विकणाऱ्यांच्या घरी आमचं दिवाळीच्या फराळाचं ताट जातं, त्यांच्याकडून येतं. पुढे काही बोलायला जीभ रेटली नाही. इंजिनिअरचा नंबर तेवढा वाण्याच्या बिलामागे लिहून दिला आणि म्हणालो, घेण्याआधी यांना एकदा फोन करा. तिने तो पर्समध्ये ठेवला. काल इंजिनिअरला विचारलं. अजून फोन आलेला नाही.

आपला,
एक सदनिकाधारक
बिबवेवाडी, पुणे