कोरा रकाना: जहाजावरच्या एका निरीक्षकताईंना पत्र

ताई,

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. आभार मानायला चार वर्षं लागली, कारण आधी मला तुमचा रागच आला होता.

मी तेव्हा नोंदी संगणकात भरायच्या कामावर नवीन होते. लाँगलाइन जहाजांवरून, म्हणजे असंख्य गळ लावलेला लांबच लांब दोर समुद्रात सोडणाऱ्या मासेमारी जहाजांवरून, निरीक्षकांचे तक्ते यायचे: किती गळ सोडले, किती मासे लागले, किती पक्षी मेले. तुमच्या तक्त्यांवर माशांच्या रक्ताचे डाग असायचे आणि पक्ष्यांच्या रकान्यात अधूनमधून काहीच नसायचं. लिहिलं नाही म्हणजे मेलं नाही, असं धरून मी तिथे शून्य टाकत गेले. दर हजार गळांमागे किती पक्षी, हा आमचा आकडा कसा छान खाली आला! तुम्ही आमच्या अहवालाचा मसुदा पाहिलात आणि उत्तर पाठवलंत. त्यातली पहिलीच ओळ: ‘त्या वेळी मी झोपले होते. पक्षी झोपले नव्हते.’

तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, की दोर ओढायला दहा-बारा तास लागतात आणि बघणारं माणूस एकच असतं. तुम्ही न पाहिलेले गळ मी भागाकारात खाली धरत होते आणि त्यांच्यावर मेलेले पक्षी वर धरतच नव्हते. कोरे रकाने बाजूला काढून हिशेब पुन्हा मांडला, तर दर जवळजवळ दुप्पट झाला. जुन्या आकड्यावर विसंबून नियम ठरवणाऱ्या बैठकीत कुणीही म्हणालं असतं, आता नियमांची काय गरज?

दुसरी गोष्टही तुम्हीच शिकवलीत. पक्षी मरतो तो दोर सोडताना. आमिष लावलेला गळ लगेच बुडत नाही, जहाजामागे थोडा वेळ पृष्ठभागाजवळ तरंगतो. अल्बाट्रॉस, हा मोठाला समुद्रपक्षी, झडप घालतो, अडकतो आणि दोराच्या वजनाने खाली ओढला जाऊन बुडतो. कित्येक तासांनी दोर वर येतो, तोवर बरेचसे पक्षी गळून पडलेले किंवा कुणीतरी खाल्लेले असतात. सोडताना अडकलेले पक्षी मोजून ओढताना पुन्हा मोजले, तेव्हा जेमतेम निम्मे हाती लागले. म्हणजे तुमचा पूर्ण भरलेला तक्तासुद्धा कमीच सांगतो. लाँगलाइनवर जगभरात वर्षाला किमान १,६०,००० समुद्रपक्षी मरतात, हा २०११ सालचा अंदाज अशाच तक्त्यांवरून निघाला.

आणि नियम अशाच तक्त्यांवरून होतात. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती १९९७ च्या सुमारास एकेका हंगामात हजारो पक्षी मरत होते. ‘कॅमलार’ या अंटार्क्टिक समुद्राच्या आयोगाने दोर रात्री सोडायला लावले, त्यांना वजनं लावायला लावली, विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवली, जहाजांवर निरीक्षक बसवले. दहा वर्षांच्या आत परवानाधारक जहाजांवरचे मृत्यू बोटांवर मोजण्याइतके उरले. नामिबियाने २०१५ मध्ये टोरी लाइन सक्तीची केली, तिथल्या लाँगलाइनवरचे मृत्यू सुमारे ९८ टक्क्यांनी घटले. टोरी लाइन म्हणजे काय, तर जहाजाच्या मागच्या खांबावरून सोडलेली, रंगीत पट्ट्या फडफडणारी दोरी. ‘तोरी’ म्हणजे जपानीत पक्षी, आणि ही युक्ती मुळात जपानी मच्छीमारांची. परिषदांमध्ये हे जरा हळू आवाजात सांगतात, असं मला नेहमी वाटतं.

तुमचा तो हट्टही आठवतो: तक्त्यात चंद्राचा रकाना हवा. आम्ही हसलो होतो. पण अल्बाट्रॉस बहुतेक दिवसा खातात म्हणून रात्रीचा नियम, आणि पांढऱ्या हनुवटीच्या पेट्रेलला, या दुसऱ्या समुद्रपक्ष्याला, रात्रही चालते, चांदणं असलं की तर जास्तच. शिवाय तो खोल सूर मारून बुडालेलं आमिष वर आणतो आणि ते हिसकावायला अल्बाट्रॉस टपलेलेच. रकाना आता आहे.

एका तक्त्याच्या मागे तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतं, ते मी अजून जपून ठेवलंय. जिवंत वर आलेला भटक्या अल्बाट्रॉस, पंख उघडले तर तीन मीटर. ओल्या टॉवेलात गुंडाळला, एका खलाशाने चोच धरली, तुम्ही पकडीने गळाचा काटा छाटून गळ मागे ओढून काढलात. पक्ष्याच्या पायात ओळखीची कडी होती. तिच्यावरचा आकडा तुम्ही दोनदा लिहिलात, एकदा ओल्या हाताने आणि एकदा कोरड्या. हा पक्षी दहाएक वर्षांचा झाल्यावर वीण सुरू करतो, दोन वर्षांतून एक अंडं घालतो आणि पिल्लाला भरवायला दोघं लागतात. तुम्ही यातलं काही लिहिलं नव्हतंत. फक्त एवढंच: ‘उडाला. माझ्या अंगावर ओकून उडाला.’

टूनाच्या लाँगलाइन जहाजांवर, तिथले नियम करणाऱ्या बहुतेक आंतरराष्ट्रीय संघटनांची निरीक्षणाची अट कित्येक वर्षं जेमतेम पाच टक्क्यांची राहिली. उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांचा रकाना कोराच, आणि तिथे शून्य टाकायला उत्सुक असलेली माणसं माझ्यासारखी नवखी नाहीत. आता कॅमेरे येताहेत. ते झोपत नाहीत हे खरं, पण चित्रीकरण बघायला पुन्हा कुणीतरी बसावंच लागतं.

तुमचा रागीट कागद मिळाला नसता, तर मी आजही नीटनेटके, चुकीचे तक्ते करत बसले असते. मनापासून आभार, ताई.

जाता जाता, गेल्या फेरीच्या तक्त्यात एकोणिसाव्या ओळीतला आकडा १ आहे की ७? मी तो तसाच सोडलाय. किनाऱ्याला लागलात की कळवा.

तुमची,
नोंदी भरणारी