ऊसतोड टोळ्यांच्या आरोग्याची जबाबदारी निश्चित करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात व पाडव्याच्या आसपास घरी परततात. मधल्या पाच-सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न दर हंगामात तसाच राहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सपाट प्रदेशात साधारण 5 हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, 30 हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि हजारामागे एक आशा, असे आपले निकष आहेत आणि ते कायम रहिवाशांच्या शिरगणतीवर बेतलेले आहेत. त्यामुळे गावाबाहेरच्या माळावर टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहिल्या, तरी मनुष्यबळ पूर्वीइतकेच राहते. आणि ज्या गरोदर बाईचे नाव मूळ गावच्या आशाताईंच्या वहीत आहे, ती बाई तिथून दोन-तीनशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असते. माता व बाल संरक्षण कार्ड अनेकदा गावाकडच्या पेटीतच राहते.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. योजना उत्तम आहे. परंतु पहाटे अंधारात उसाच्या फडात उतरणारी आणि रात्री-अपरात्री ट्रॉली भरू लागणारी बाई त्या दिवशी दवाखान्यात गेली, तर खाडा पडतो आणि टोळी आणणारा मुकादम तो उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी दिलेल्या आगाऊ रकमेच्या, हिशेबात धरतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हा एकीची गैरहजेरी दोघांच्या कमाईवर पडते. पाळीच्या दिवसांतही यातून सुटका नसते, आणि फडाजवळ ना शौचालय असते ना पुरेसे पाणी. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले, म्हणजे जवळपास सहांत एकीचे. खासगी रुग्णालयांतील या शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, ते योग्यच झाले. मात्र ज्या परिस्थितीमुळे बाई त्या टेबलापर्यंत पोहोचते, ती या अटीने बदलत नाही.

हे काम अशक्य आहे, असे म्हणायला आपल्याला तोंड नाही. पल्स पोलिओच्या वेळी याच यंत्रणेने कोप्या, वीटभट्ट्या, बांधकामे, एसटी स्थानके धुंडाळून मुलांना डोस पाजले, करंगळीला शाई लावली, आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा मूल कुठल्या तालुक्याचे, असे कोणी विचारले नाही.

तेव्हा मागणी एवढीच की, साखर आयुक्तालयाने गाळप परवाना देतानाच टोळ्यांची यादी व मुक्कामाची ठिकाणे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवणे कारखान्यांवर बंधनकारक करावे. तपासणी फडावर किंवा तळावर, तीही संध्याकाळी व्हावी. आणि तिथल्या आशाताईंना या जादा कामाचा मोबदला हंगाम संपण्यापूर्वी मिळावा, कारण तो थकला तर पुढच्या वर्षी कोणी माळावर फिरकणार नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा