बाळ्यास पत्र: पुळणीकडच्या वाडीबद्दल

दिवेआगर
6 जानेवारी

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रागावू नकोस. नाताळ ते 1 जानेवारी आमच्याकडे मोदकपात्र चुलीवरून उतरत नाही. शेवटची गाडी काल गेली. आज सकाळी चादरी धुऊन दोरीवर टाकल्या आणि पडवीत लिहायला बसलो.

समुद्राच्या पुळणीकडच्या तुमच्या पडीक तुकड्यावर पाहुण्यांसाठी चार खोल्या काढाव्यात का, असं विचारतोस. तुझ्या मेव्हण्याने केलेला हिशेबही वाचला: वर्षाचे बावन्न शनिवार, गुणिले चार खोल्या, गुणिले भाडं. गुणाकार बरोबर आहे. फक्त त्यात पावसाळा धरलेला नाही आणि आपलं गाव धरलेलं नाही.

आपल्या लहानपणी पुळणीवर कोण जायचं, आठव. पहाटे टमरेल घेऊन जाणारे. विसर्जनाला सगळा गाव. रापणीचं जाळं ओढायच्या वेळी आपल्यासारखी उनाड पोरं. घरांची तोंडं रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. मध्ये सुपारीच्या पोफळी, मग केवडा, मग सुरूचं बन. नुसती हवा खायला तिकडे गेलेला माणूस एक तर मुंबईचा चाकरमानी, नाहीतर डोक्याने सटकलेला. आजोबांच्या वेळी मुंबईची बोट दिघीला, श्रीवर्धनला लागायची, ती बंद पडली. मग माणगाव, म्हसळा करत एसटीने हाडं खिळखिळी करून घ्यायची. शेखाडीचं नाव साऱ्या देशाने पेपरात वाचलं ते 1993 साली, मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स तिथे उतरलं म्हणून. आज त्याच शेखाडीच्या रस्त्यावर पोरं गाडी थांबवून रील काढतात. त्यांना यातलं काही माहीत नाही, आणि मीही सांगायला जात नाही.

मग नोव्हेंबर 1997. वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि आत सोन्याचा गणपती. तू तेव्हा डोंबिवलीला गेलेला, तुला ते दिवस ऐकूनच माहीत. पुढच्या संकष्टीपासून जी रांग लागली ती चौदा वर्षं हटली नाही. आमची खाणावळही कुणी ठरवून काढलेली नाही. दुपारी दोन वाजता एक कुटुंब ओटीवर येऊन म्हणालं, "काकू, जेवायला मिळेल का?" आईने घरातलंच वाढलं, वालाचं बिरडं आणि भात. पैसे घेईना, तर त्या गृहस्थांनी निघताना नोट ताटाखाली सरकवून ठेवली. पुढच्या महिन्यात त्यांच्या ओळखीचे अकरा जण आले. पाटी आम्ही त्यानंतर रंगवली.

पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. दर्शन, मोदक, सुपारी, की गाडीत. हात धुताना एकाने मला विचारलं होतं, "इथे समुद्र जवळ आहे का हो?" चार-पाच किलोमीटरची पुळण वाडीपलीकडे पसरलेली, गाज ऐकू येतेय, आणि हा विचारतोय!

24 मार्च 2012 ला पहाटे गाव उठला तो दरोड्याच्या बातमीने. दोन पहारेकरी मारले गेले, सोन्याचा गणपती चोरीला गेला. पुढच्या संकष्टीला आईने सवयीने नारळ खवून ठेवले. दुपारपर्यंत कुणी आलं नाही, तेव्हा सगळ्या खोबऱ्याच्या वड्या थापल्या. आम्ही आठवडाभर त्याच खाल्ल्या. समुद्र होता तिथेच होता रे, त्याचं कुणी काही चोरलं नव्हतं. तरी खोल्यांना कुलपं लागली.

पुन्हा माणसं आली ती हळूहळू, आणि वेगळीच. पुण्याहून ताम्हिणी उतरून येणारी, आगरदांड्याहून फेरीत गाडी घालून दिघीला उतरणारी. अलिबाग झालं, काशीद झालं, आता पुढे काय, म्हणून आमच्याकडे. पुण्याचं एक जोडपं दर हिवाळ्यात यायचं, 'किती शांत आहे हो' म्हणायचं आणि परत जाऊन चार घरांत सांगायचं. आता ते येत नाहीत. बागमांडल्याहून खाडी ओलांडून वेळास, केळशीकडे जातात. फोनवर म्हणाले, तुमच्याकडे फार गर्दी झाली.

3 जून 2020 चं निसर्ग वादळ तू टीव्हीवर पाहिलंस. आम्ही माजघरात बसून कौलं उडताना मोजत होतो. वादळ ओसरल्यावर मागचं दार उघडलं तर थेट समुद्र दिसला. जन्मात कधी दिसला नव्हता त्या दारातून. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. नवी लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षं, तोवर खायचं काय? म्हणून आमच्या पाखाडीत ज्याला जमलं त्याने वाडीच्या जागी खोल्या बांधल्या. तुझ्या मेव्हण्याला आज जो 'धंदा' दिसतोय, त्यातल्या निम्म्या खोल्यांच्या पायाखाली पोफळीची मुळं आहेत.

23 नोव्हेंबर 2021 ला, अंगारकीला, सोन्याचा गणपती परत बसला. आई रडली. गर्दीही परतली, पण निम्म्यांना तो पॅराशूट आणि घोडागाडीच्या मधल्या वेळात बघायचा असतो. परवा एकाने फोटोसाठी नवी कोरी गाडी ओल्या वाळूत नेली. भरती सुरू झालेली. चाकं रुतली, लाटा दाराला लागल्या, आणि हा ट्रॅक्टरवाल्याशी भावात घासाघीस करतोय! पाणी सीटपर्यंत आलं तेव्हा सौदा पटला. मी हसलो, मग माझीच मला लाज वाटली. त्यातलेच चौघे रात्री आमच्याकडे जेवायला होते.

तेव्हा माझं मत सांगतो. आधी सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं बघ, भरतीच्या रेषेपासून तुमचा तुकडा किती लांब आहे ते मोजून घे, मग मेव्हण्याशी बोल. बांधायचंच असेल तर दोन खोल्या बांध, आणि कर्ज काढून नको. बँकेला हप्ता दर महिन्याला लागतो. आमच्याकडे मी चौदा वर्षांची रांगही पाहिली आणि आठवडाभर पुरलेल्या खोबऱ्याच्या वड्याही खाल्ल्या. आता नवा रस्ता कुठे होतो, फेरी कुठून सुटते, कुणाच्या फोनवर कुठली पुळण झळकते, त्यावर पाहुणा ठरतो. त्यात तुझं-माझं काही चालत नाही.

फेब्रुवारीच्या आत ये. कुरव पक्षी आहेत अजून, सकाळी पांढरी चादर अंथरल्यासारखे बसतात. पाहुणे त्यांना शेव टाकतात, तेवढं बघवत नाही. सातबारा आण आणि आईच्या गुडघ्यांसाठी ते तेल आण, इथे मिळत नाही.

आई विचारत होती, बाळ्याच्या वाडीत पोफळी किती उरल्या. मी नऊ सांगितल्या. ती म्हणते अकरा. येऊन मोज.

तुझा,
विन्या