वाचून झालेले पुस्तक पुढे द्यावे

महोदय,

वाचून झालेली पुस्तके वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतात, याची मनापासून खंत वाटते. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदातील लिग्निन या लाकडातल्या नैसर्गिक घटकामुळे पाने पिवळी पडतात आणि आम्लामुळे ती ठिसूळ होतात, म्हणजे न उघडलेले पुस्तकही जुने होतच असते. मग ते वाचकाच्या हातात का जुने होऊ नये? २००१ मध्ये सुरू झालेल्या बुकक्रॉसिंग उपक्रमात प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ते अनोळखी वाचकासाठी सोडले जाते आणि त्याचा पुढचा प्रवास नोंदवता येतो. आधीच्या वाचकाने समासात केलेल्या खुणा मला तर फार मोलाच्या वाटतात. मात्र फाटकी किंवा कालबाह्य पुस्तके ग्रंथालयांच्या माथी मारू नयेत. देण्यापूर्वी ग्रंथपालांना अवश्य विचारावे.

— एक वाचक