वेचणीच्या दिवसांतला वर्ग : मित्रास पत्र

घाटंजी तालुका, जि. यवतमाळ
दिवाळीच्या सुट्ट्यांनंतरचा पहिला रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "शाळेसाठी तू कोणतं ॲप वापरतोस तेवढं सांग, मीही टाकून घेतो." ते एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज निवांत लिहायला बसलो. वेगळं असं एकही ॲप नाही. मी वापरतो ती सगळी तुझ्याही फोनमध्ये आहेत. फरक पडला तो निरोप कोणापर्यंत पोचवायचा हे पक्कं ठरवल्यावर. माझा निरोप जायला हवा तो दिवसभर कापूस वेचून रात्री घरी आलेल्या मायपर्यंत. तिला पुष्कळदा वाचता येत नाही, आलं तरी त्या वेळी वाचण्याचं त्राण नसतं. फोन दिवसभर नवऱ्याच्या खिशात, नाहीतर थोरल्या पोराच्या हातात. स्वयंपाक आटोपल्यावर आठच्या सुमारास तो काय तो तिच्या वाट्याला येतो. त्या वेळेला धरून मी सगळं बसवलं.

आमची शाळा तुला ठाऊक आहे. पट साठच्या आत, म्हणून शिक्षक दोन आणि वर्ग चार. माझ्याकडे तिसरी आणि चौथी. काही लेकरं गावातली, काही बंजारा तांड्यावरची, काही कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची. घरी कोणी वऱ्हाडी बोलतं, कोणी गोरमाटी, कोणी कोलामी. दसऱ्यानंतर कपाशी फुटली की घरातलं माणूस न् माणूस वावरात. वेचाई किलोवर मिळते, त्यामुळे एक दिवस घरी राहिलं की मजुरी बुडालीच. चौथीतली पोरगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते तीही याच दिवसांत. अशात दुपारी दोनच्या पालकसभेला येणार कोण?

गावागावांत पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, तसा आमचाही होता. सकाळी फुलांची चित्रं, दुपारी कोणाच्या वाढदिवसाचा बॅनर, निवडणूक आली की विचारूच नको. शाळेची सूचना त्यात कुठल्या कुठे जायची. शिवाय ग्रुपात प्रत्येक बाईचा नंबर गावभर दिसतो, आणि ते कित्येकींना नको असतं. एका माऊलीनं मला तसं तोंडावर सांगितलं आणि मला ते पटलं. मी ग्रुप बंद करून ब्रॉडकास्ट लिस्ट केली. एकदा पाठवलं की प्रत्येकीला तो निरोप वेगळा जातो, आणि तिचं उत्तर फक्त माझ्याकडे येतं. यात एक मेख आहे, ती लक्षात ठेव. ज्यांच्या फोनमध्ये तुझा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच हा निरोप मिळतो. त्यामुळे लिस्ट करण्याआधी घरोघरचा फोन हातात घेऊन नंबर टाकून द्यावा लागतो.

ते काम आम्ही पोळ्याच्या आदल्या आठवड्यात केलं. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसलो, समोर बाया. कोणाच्या फोनची काच फुटलेली, कोणाचा फोन रबरबँडनं बांधलेला. मी नंबर टाकायचा, नावाच्या जागी 'शाळा' लिहायचं, सोबत शाळेच्या कमानीचा फोटो लावायचा, म्हणजे वाचता येत नसलं तरी ओळखू येतं. मग माईकच्या खुणेवर अंगठा दाबून ठेवायला शिकवायचं. बोलून झाल्यावर अंगठा उचलायचा, एवढंच. पहिल्यांदा सगळ्या लाजल्या. एकीनं तोंडाला पदर लावून "हालो, हालो" एवढंच म्हटलं आणि ते माझ्या फोनवर वाजलं तेव्हा केवढ्या हसल्या! त्याच बाईचा दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला : "गुर्जी, आज पोरगी येनार नाई. आंग गरम हाये तिचं. उद्या पाठवतो." आजवर त्या घरातून शाळेला असा निरोप कधी आला नव्हता. पोरगी दिसली नाही की आपण हजेरीत गैरहजर मांडून मोकळं व्हायचो. आता कारण कळतं, आणि कारण कळलं की काही करता येतं.

रोज रात्री आठच्या आधी मी सगळ्यांसाठी एक आवाजी निरोप सोडतो. एक मिनिटाच्या आत, आणि त्यात एकच गोष्ट. "उद्या पट्टी आणा" एवढीच सुद्धा. याशिवाय रोज दोन-तीन घरांना वेगळा निरोप जातो, त्यांच्याच लेकराबद्दल. "आज तुमच्या पोरानं हातच्याची वजाबाकी कोणाला न विचारता केली." तक्रार मी अशी कधीच पाठवत नाही, ती समोरासमोर बोलायची. चांगली गोष्ट ऐकायला घरातले सगळे जमतात, आजीसुद्धा. कित्येक माया तो निरोप जपून ठेवतात आणि पाहुणे आले की वाजवून दाखवतात. मित्रा, या लोकांना शाळेतून बोलावणं यायचं ते सही द्यायला, नाहीतर पोराची तक्रार ऐकायला. आपल्या लेकराचं कौतुक शिक्षकाच्या तोंडून घरात बसून ऐकणं हा त्यांच्यासाठी अगदी नवा अनुभव आहे. मला या सगळ्या खटाटोपात याचंच मोल सर्वात जास्त वाटतं.

ज्यांच्याकडे मोठा फोन नाही अशी घरं आहेतच. तिथे साधा कॉल, किंवा शेजारच्या घरातलं लेकरू निरोप ऐकून सांगतं. कोणतं घर कोणत्या फोनशी जोडलंय ते मी लिहून ठेवलंय. अभ्यास मात्र मी फोनवर टाकत नाही. टाळेबंदीत 'शाळा बंद पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज फोनवर यायची, तेव्हा एका फोनमागे तीन भावंडं कशी भांडायची ते तूही पाहिलंस. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल बघ. १४ ते १६ वर्षांच्या मुलांमध्ये ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामाला वापरला आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियाला. आपली लेकरं तर याहून लहान. त्यांच्या हाती फोन देण्यापेक्षा त्यांच्या मायच्या हातातला फोन शाळेशी जोडणं मला जास्त गरजेचं वाटतं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं साहित्य मी तालुक्याला गेलो की 'दीक्षा' या सरकारी ॲपवरून उतरवून घेतो आणि वर्गात बिननेटचं दाखवतो. त्या वेळी फोन माझ्या हातात आणि सगळी लेकरं त्याभोवती.

आजीच्या गोष्टींचं सांगायचं राहिलं. पोडावरून येणारी लेकरं वर्गात पहिले काही महिने बोलतच नाहीत, कारण शाळेची भाषा त्यांच्या घरची नव्हे. मी एका आजीला म्हटलं, तुमच्या बोलीत एक गोष्ट सांगून पाठवा. तिनं पाठवली. मागे कोंबडी ओरडतेय, मधूनच कोणाला तरी दटावतेय, तसंच सगळं. वर्गात ती वाजवली आणि एरवी कोपऱ्यात बसणारा पोरगा उभा राहून बाकीच्यांना मराठीत समजावून सांगायला लागला. वाक्यं तुटक होती, पण गोष्ट पूर्ण सांगितली. आता तांड्यावरूनही गोष्टी येतात. एका फोल्डरात जमवून ठेवतोय, नावगाव न लावता.

फोटोंच्या बाबतीत मी फार कडक आहे. वहीचा फोटो चालेल, चेहऱ्याचा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. पण कायदा नसता तरी माझं मत हेच असतं. अनवाणी लेकराचा फोटो कुठल्या कुठे फिरावा, हे त्याच्या मायला कोणी विचारलेलं नसतं.

आता माझ्या स्वतःच्या नियोजनाचं, कारण तुझं खरं दुखणं तिथं आहे. तू म्हणालास, रात्री झोपताना आठवतं की अमक्याचं तमकं राहिलं. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायसवर भरायची शाळेची सरकारी माहिती, शिष्यवृत्तीचे कागद, आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद, वर चाचण्यांचे गुण. हे सगळं डोक्यात ठेवायचं म्हटलं तर लेकरांसाठी डोक्यात जागा उरत नाही. मी तीनच जागा केल्यात. ज्याला तारीख आहे ते कॅलेंडरात, आणि दर महिन्याला येतं ते एकदाच पुन्हापुन्हा येणारं म्हणून टाकलेलं. ज्याला तारीख नाही ते गूगल कीप या टिपणाच्या ॲपमधल्या एकाच यादीत. तिथे मी टाईप करत बसत नाही, मराठीत बोलतो आणि अक्षरं उमटतात. वऱ्हाडी ढंगात बोललं की चुकतं, पण मला कळण्यापुरतं लिहिलं जातं.

तिसरी जागा म्हणजे लेकरांचा तक्ता. गूगल शीटमध्ये प्रत्येक लेकराची एक ओळ. वाचनात कुठे आहे : अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट. गणितात कुठे अडलंय. घरी फोन कोणाकडे असतो. शेवटचा निरोप कधी गेला. आणि एक रकाना नुसता 'काय दिसलं' असा. त्यात "दोन दिवस डबा नाही", "चष्मा लागेल बहुतेक", "बैलाचं चित्र सुरेख काढतो" असलं काहीही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तासभर तिथेच बसून हा तक्ता भरतो. ज्या ओळीत आठवडाभर काहीच लिहिलं गेलं नाही, ते लेकरू माझ्या नजरेतून सुटलंय. सोमवारी पहिल्यांदा त्याच्याजवळ जाऊन बसायचं. गप्प बसणारी, कोणाला त्रास न देणारी लेकरं अशीच सुटतात रे. मस्तीखोर आणि हुशार पोरांच्या ओळी आपोआप भरतात.

तक्ता फोनवर ऑफलाइन उघडेल असं करून ठेव, आपल्याकडे वीज गेली की टॉवरही जातो. आधार क्रमांक त्यात कधी टाकू नको, ते शाळेच्या कपाटातल्या रजिस्टरातच बरे. आणि रात्री नऊनंतर फोन पालथा ठेवायचा. हे मी पालकसभेतच सांगून टाकलंय आणि लोक पाळतात.

तांड्यावरची एक पोरगी दिवाळीनंतर मायबापाबरोबर ऊसतोडणीला गेली. तिच्याजवळ शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर केलेल्या लेकराला नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणूनचं कार्ड, दिलं होतं, पण नुसतं कार्ड बोलत नाही. तिच्या बापाच्या फोनवरून ते कुठे उतरलेत ते कळलं, तिथल्या जवळच्या शाळेतल्या बाईंचा नंबर मिळवला आणि तक्त्यातली तिची ओळ त्यांना पाठवली : परिच्छेद वाचते, भागाकारात अडते, नव्या ठिकाणी बुजते. बाईंनी दुसऱ्याच दिवशी तिला पहिल्या बाकावर बसवलं. मधल्या सुट्टीत ती बाईंच्या फोनवरून आमच्या वर्गाला निरोप पाठवते आणि वर्ग तिला ओरडून उत्तर देतो. मार्चपर्यंत हा धागा टिकावा अशी माझी फार इच्छा आहे.

आता तुझ्याकडे मागणं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या मुलांना पडद्यावरून दूरदूरच्या देशांतल्या वर्गांशी बोलतं केलं. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या अंतिम स्पर्धकांना वाटून दिली, हे आपण तेव्हा किती अभिमानानं बोललो होतो. आपल्याला परदेश कशाला हवा? तुझा वर्ग रत्नागिरीच्या किनाऱ्याला, माझा कापसाच्या पट्ट्यात. माझ्या लेकरांनी समुद्र पाहिलेला नाही, तुझ्यांनी फुटलेलं बोंड पाहिलं नसेल.

माझ्या मनात असं आहे. दोन्ही वर्गांनी सूर्य मावळण्याची वेळ रोज घड्याळात बघून एकाच शीटमध्ये लिहायची. यवतमाळ ७८ रेखांशाच्या आसपास, रत्नागिरी ७३ च्या. एका अंशाला चार मिनिटं म्हणजे ढोबळमानानं वीस मिनिटं आधी आमच्याकडे सूर्य मावळतो. हिवाळ्यात फरक आणखी काही मिनिटांनी वाढेल, कारण आम्ही तुमच्यापेक्षा उत्तरेलाही आहोत. हे लेकरांना आधी सांगायचं नाही. त्यांच्या आकड्यांतून त्यांना दिसू दे आणि "असं का?" हे त्यांनीच विचारू दे. तुमच्याकडे समुद्रावर क्षितिज मोकळं आहे, आमच्याकडे टेकडी आड येते, म्हणून आम्ही पलीकडच्या वावरातल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बघू. तुझ्या पोरांनी जोडीला भरतीची वेळ लिहावी. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, ते पाहून माझी पोरं चक्रावतील.

सुरुवातीला थेट व्हिडिओ कॉल नको. आमच्या शाळेत नेट मधेच अडकतं आणि लेकरं हिरमुसतात. आधी आवाजी निरोपांतून प्रश्नोत्तरं होऊ दे, एकमेकांचे आवाज ओळखीचे होऊ दे, मग ग्रामपंचायतीजवळ जिथे रेंज चांगली येते तिथून एखाद्या शनिवारी बोलू. वाघाबद्दल विचारतील तुझी पोरं, त्याची तयारी आहे. टिपेश्वरचं जंगल लांब नाही, आणि प्रत्येकाच्या आज्याजवळ एक तरी गोष्ट आहे.

तुझ्या वर्गाचा पट किती, सूर्यास्ताच्या वेळी किनाऱ्यावर जाऊ शकतील अशी किती लेकरं आहेत, आणि शनिवारी तुझी शाळा किती वाजता सुटते, एवढं कळव. मी शीट करून तुला जोडून घेतो. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. आई तुझी आठवण काढते, उन्हाळ्यात आलास की इकडेच मुक्कामाला ये म्हणते.

तुझाच,
घाटंजीचा मित्र