तो फोटो लुगानोचा आहे!

महोदय,

रविवारच्या पुरवणीत स्वित्झर्लंडमधल्या अंब्री-पियोट्टाच्या आइस हॉकी संघाला अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. मराठी पेपरात हे नाव वाचायला मिळेल असं या जन्मी वाटलं नव्हतं. पण त्यावर जो भलामोठा रंगीत फोटो छापलाय, त्यातले सगळे खेळाडू काळ्या-पांढऱ्या जर्सीत आहेत. अंब्रीचे रंग निळा आणि पांढरा. काळा-पांढरा लुगानोचा, म्हणजे त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा! ज्यांचं नाव काढलं तरी अंब्रीवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांचाच फोटो तुम्ही यांच्या कौतुकाला लावलात. एकदा आमच्या फुटबॉलमधल्या पाटाकडीलच्या बातमीला दिलबहारचा फोटो लावून बघा. दुसऱ्या दिवशी तुमच्या कचेरीच्या दारात काय होईल, ते आम्हा कोल्हापूरकरांना विचारा.

मी एवढा तडकलोय त्याला कारण आहे. हीच चूक मी स्वतः केलीय, आणि तीही भर स्टेडियमात.

2019च्या जानेवारीत मी मुलीकडे स्वित्झर्लंडमध्ये बेलिन्झोनाला होतो. जावई पक्का अंब्रीवाला. एका संध्याकाळी मला घेऊन गेला, वालाशाला, म्हणजे त्यांच्या जुन्या बर्फाच्या रिंकवर. डोक्यावर छप्पर होतं, पण बाजूंनी वारा सरळ आत. दोन स्वेटर, वर कोट आणि त्यावर महाद्वार रोडवरून घेतलेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा मफलर, अशा थाटात मी उभा. शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, मफलरकडे पाहिलं. मग जावयाला इटालियनमध्ये काहीतरी म्हणाले. जावयाचं हसू थांबेना. "बाबा, आधी तो मफलर काढा. काका विचारतायत, पाहुण्यांना लुगानोहून आणलंय का?"

काढला आणि कोटाच्या खिशात कोंबला. कान बधिर झाले. समोर कुबालिक नावाचा चेक खेळाडू काय खेळत होता! त्या मोसमात स्विस लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचेच होते आणि पुढच्या मोसमात तो थेट अमेरिकेतल्या शिकागो ब्लॅकहॉक्स संघाकडे गेला. (तुमच्या लेखात त्याचं नावही नाही.) पण माझं अर्धं लक्ष कानांकडे. दुसऱ्या मध्यंतरात त्या गृहस्थांनी पिशवीतून एक विटलेला निळा-पांढरा मफलर काढला आणि एक शब्द न बोलता माझ्या गळ्यात गुंडाळला. लहान पोराला गुंडाळतात तसा, दोन वेढे देऊन. तंबाखूचा वास येत होता. निघताना परत द्यायला गेलो तर हातानंच नको म्हणाले. आज तो आमच्या कोल्हापूरच्या घरी खुंटीला आहे. सौ.ने दोनदा धुतला, वास गेलेला नाही.

आता लेखाबद्दल. 'आल्प्सच्या कुशीतलं टुमदार इटालियन शहर' असं आपल्या विद्वान लेखकानं लिहिलंय. अंब्री इटलीत नाही, स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात आहे. तिथे इटालियन बोलतात, एवढंच. आणि शहर कुठलं? अंब्री आणि पियोट्टा ही दोन खेडी, क्विंतो नावाच्या पंचायतीतली. अख्ख्या पंचायतीत माणसं हजाराच्या आसपास. साठ हजारांवर वस्तीचं शहर म्हणजे लुगानो. गॉटहार्डचा नवा रेल्वे बोगदा झाल्यापासून तर वेगवान गाड्या या खोऱ्याच्या खालूनच निघून जातात.

'परीकथा' हा शब्द तर तीनदा आलाय. 1937चा क्लब, 1985पासून देशाच्या सर्वात वरच्या लीगमध्ये, एकदाही खाली न घसरता. यात परी कुठून आली? 'अजून विजेतेपद नाही, बिचारे' असा सूर लावलाय, पण 1999च्या अंतिम फेरीत त्यांना हरवलं कोणी, हे मात्र लिहिलेलं नाही. लुगानोनंच! ते ठाऊक असतं तर तो फोटो लावायची हिंमत झाली नसती. उलट 2022च्या डिसेंबरात दावोसला जिंकलेला क्लब संघांचा श्पेंगलर चषक लेखातून गायब.

जुनी वालाशा हिमकडे कोसळण्याच्या वाटेवर होती, म्हणून 2021मध्ये नवी रिंक झाली. ती वास्तुविशारद मारिओ बोत्तांनी आखलीय. टीसीएसची हैदराबादची इमारत करणारे तेच. एवढा आपल्याकडचा धागा होता, तोही सुटला. नवीन ठिकाणी बाजूंनी वारा येत नाही म्हणे. जावई त्यावरही कुरकुरतो.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जून 2025मध्ये भारताच्या मुलींनी आइस हॉकीच्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, बहुतेक पोरी लडाखच्या. तेव्हा आपल्या अंकात चार ओळी होत्या, त्याही भविष्याच्या खाली. अर्धं पान तेव्हा कुठे होतं?

असो. दुरुस्ती छापणार असाल तर निळ्या-पांढऱ्या जर्सीतला फोटो छापा. जावयाला मी अजून कात्रण पाठवलेलं नाही.

– एक जुना वाचक, कोल्हापूर