स्टोरेज बंद करायला शिकवलंत, मॅडम, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही मला फोनवर जे समजावलंत, ते स्टोरेज, म्हणजे सगळ्या सर्व्हरचा डेटा ठेवणारी डिस्कची यंत्रणा, सांभाळणाऱ्या आणखी चार जणांच्या कामी यावं, असं मनापासून वाटतं. तुमचं नाव घालत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही हे ठाऊक आहे.

इमारतीच्या मुख्य वीजपॅनलचं काम निघालं होतं आणि यूपीएससकट सगळी सर्व्हर रूम बंद ठेवायची होती. सर्व्हर बंद-चालू करणं आमच्या हातचं काम. पण वर्षानुवर्षं अखंड चालत आलेलं स्टोरेज पूर्ण बंद करायची वेळ आमच्यापैकी कुणावरच आली नव्हती. ज्यांनी ते बसवलं ते केव्हाच नोकरी सोडून गेलेले. मॅन्युअलमध्ये क्रम होता, पण तो तसाच का, हे कुठेच नव्हतं. तुम्ही तर दुसऱ्या विभागातल्या, हे काम तुमच्याकडे येण्याचं काही कारण नव्हतं. तरी मी फोन केला तेव्हा तुम्ही कमांड सांगितल्या नाहीत. आधी विचारलंत, “आत्ता या क्षणी तुमच्या डेटाबेसने लिहिलेला शेवटचा डेटा कुठे आहे?”

मी म्हटलं, डिस्कवर. तिथून तुम्ही जे उलगडत गेलात, त्याबद्दल हे आभार आहेत. सर्व्हरने पाठवलेला डेटा कंट्रोलर, म्हणजे स्टोरेज चालवणारा संगणक, आधी स्वतःच्या मेमरीत घेतो, जोडीदार कंट्रोलरच्या मेमरीत त्याची प्रत ठेवतो आणि लगेच ‘लिहून झालं’ असं कळवून मोकळा होतो. डिस्कवर तो मागाहून उतरतो. मध्येच वीज गेली तर बॅटरी असते. काही मॉडेलमध्ये ती मेमरी जिवंत ठेवते, काहींमध्ये मेमरीतला डेटा फ्लॅशवर, म्हणजे वीज नसतानाही डेटा टिकवणाऱ्या चिपवर, उतरेपर्यंत पुरते. “पण बॅटरी अपघातासाठी आहे. ठरवून बंद करताना तिच्या भरवशावर राहायचं नाही,” हे तुमचे शब्द. म्हणून आधी शटडाऊनची कमांड, कॅशे (कंट्रोलरची हीच मेमरी) रिकामी झाल्याची खात्री, आणि मगच पॉवर सप्लायला हात.

एवढं कळल्यावर बाकीचा क्रम पाठ करावाच लागला नाही. आधी ॲप्लिकेशन, मग डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक), होस्ट (ते चालवणारे खरे सर्व्हर). ऑपरेटिंग सिस्टिमही स्वतःच्या मेमरीत न लिहिलेला डेटा धरून बसलेली असते, तेव्हा लिहिणारा एकही जण उरला नाही की मगच कंट्रोलर. त्यानंतर डिस्क शेल्फ (डिस्क बसवलेले कप्पे), आणि सगळ्यांत शेवटी सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारे स्विच. दोन कंट्रोलरच्या जोडीत एक बंद होताना दिसला की दुसरा त्याचा भार उचलायला धावतो, म्हणून हा टेकओव्हर आधी थांबवायचा, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत.

पण माझ्या मते तुमची सर्वांत मोलाची मदत बंद करण्याच्या दिवशीची नव्हतीच, त्याच्या आधीच्या आठवड्यातली होती. आमच्या एका शेल्फवर एका डिस्कचा बिघाडाचा केशरी दिवा लागलेला होता. हॉट स्पेअरने (आधीच बसवून ठेवलेल्या राखीव डिस्कने) जागा घेतलेली, रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा तिच्यावर पुन्हा उभा करणं) झालेला, त्यामुळे बदली डिस्क नंतर मागवू असं सगळ्यांचं मत होतं. तुम्ही ठाम नाही म्हणालात. वर्षानुवर्षं फिरणारी डिस्क थांबून थंड झाली की पुन्हा फिरेलच असं नाही, आणि अशा डिस्क उघड्या पडतात त्या नेमक्या सुरू करताना. तेव्हा स्पेअर शिल्लक नसेल तर? आणि एक डिस्क आधीच गेलेल्या रेड-५ (एकच डिस्क गेली तर डेटा वाचवणारी मांडणी) ग्रुपमधली दुसरी उठली नाही, तर तो अख्खा ग्रुपच बसतो. त्यामुळे आधी डिस्क बदलायची, चालू असेल तो रिबिल्ड संपू द्यायचा, बॅकअप घ्यायचा आणि त्यातलं काहीतरी परत आणून बघायचं. हे सगळं झाल्याशिवाय तारीख पक्की करायची नाही. ती तारीख पुढे ढकलण्यासाठी तुम्ही आमच्या साहेबांशी स्वतः बोललात, हे मी विसरणार नाही.

दुसरा प्रश्नही तसाच. “डीएनएस आणि लॉगिनचे सर्व्हर कुठे चालतात?” डीएनएस म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता शोधून देणारी सेवा. हे सर्व्हर याच स्टोरेजवरच्या व्हर्च्युअल मशीनवर होते. म्हणजे स्टोरेज उठल्याशिवाय लॉगिन नाही, आणि लॉगिन नसेल तर स्टोरेजच्या कन्सोलवर (नियंत्रणाच्या पडद्यावर) जाणार कसं? तुम्ही मला मॅनेजमेंटचे आयपी (कन्सोलचे नेटवर्क पत्ते) आणि लॉगिन सर्व्हरशिवाय चालणारा लोकल ॲडमिनचा पासवर्ड कागदावर लिहायला लावलंत, पाकीट बंद करायला लावलंत. केबलच्या दोन्ही टोकांना लेबल आणि रॅकच्या मागून फोटो, हेही त्याच संध्याकाळी झालं.

सुरू करताना तुम्ही फोनवर होतात. आधी एसी चालू करून खोली नेहमीच्या तापमानाला आणली. मग स्विच, मग शेल्फ. हार्ड डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या लाइनवर साधारण २ अँपिअरपर्यंत खेचते, नंतर तिची भूक बरीच कमी होते. म्हणूनच डिस्क टप्प्याटप्प्याने फिरू लागतात आणि म्हणूनच सगळा रॅक एका झटक्यात चालू करायचा नसतो. प्रत्येक शेल्फचे दोन्ही पॉवर सप्लाय वेगवेगळ्या पीडीयूवर (रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या पट्ट्यांवर) आहेत ना, हे तुम्ही माझ्याकडून एकेक वायर हाताने धरून तपासून घेतलंत. सगळे दिवे स्थिर हिरवे होईपर्यंत कंट्रोलरचं नावही काढू दिलं नाहीत. कंट्रोलर आधी उठला तर त्याला डिस्क गायब दिसतात आणि तो व्हॉल्यूम (सर्व्हरला दिलेले डेटाचे भाग) ऑफलाइन करून टाकू शकतो.

कंट्रोलर उठायला वेळ लागला. कन्सोलवर बराच वेळ एकही नवी ओळ येईना. त्या वेळी वीज काढून पुन्हा लावायचा मोह कुणालाही होईल. तुम्ही शांतपणे म्हणालात, “तो डिस्क मोजतोय. मोजू दे.” नंतर लिहिण्याचा वेग मंद दिसला तेव्हाही घाबरू दिलं नाहीत. बॅटरी पुरेशी चार्ज होईपर्यंत कंट्रोलर कॅशे बाजूला ठेवून थेट डिस्कवर लिहितो, तो बिघाड नव्हे. मग एकेक होस्ट, प्रत्येकावर स्टोरेजकडे जाणारे दोन्ही पाथ दिसतात का ते बघून, आणि डेटाबेस सगळ्यांत शेवटी. बदललेल्या डिस्कच्या शेजारची एक डिस्क खरोखरच उठली नाही. स्पेअर हजर होता. रिबिल्ड आपोआप सुरू झाला आणि कुणाचाही डेटा गेला नाही.

मॅडम, हे सगळं आम्ही आता लिहून काढलंय. प्रत्येक पायरीपुढे तिचं कारण, तुम्ही सांगितलंत तसंच. एक प्रत रॅकच्या दाराला आतून लावली आहे, एक त्या पाकिटासोबत ठेवली आहे. नुसत्या फ्लॅशच्या नव्या स्टोरेजसाठी वेगळं पान केलंय. तिथे फिरण्याचा प्रश्न नाही, पण कॅशेचा आणि क्रमाचा आहेच. हे पान तुमच्या नजरेखालून जावं अशी विनंती आहे. विशेषतः टेकओव्हर थांबवण्याची पायरी योग्य जागी आहे का, तेवढं बघाल? पुढच्या वेळी हे काम आमची नवी सहकारी करणार आहे आणि तिला तुमच्याशी एकदा बोलायचंय.

तुमचा मनापासून आभारी,
स्टोरेज सांभाळणारा एक इंजिनिअर